धुणाऱ्या पाण्याची निगा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे तुम्हाला रोज मोबाईलवर भेटतात. मी कारखान्यात पार्ट धुतात त्या पाण्यावर बोलते. पलीकडे जरा वेळ शांतता पसरली. मग उत्तर आलं, "बरं, पण वीस मिनिटंच हं."

हा विषय का घेतला ते सांगते. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोण कुठं आहे याची यादी मध्यंतरी झाली. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, बेळगावचं उद्यमबाग, पुण्याकडं भोसरी आणि चाकण, गोव्यात वेर्णा. काही जण इथंच, हलकर्णीच्या एमआयडीसीत आणि शिनोळीत. म्हणजे चंदगड तालुक्यातनं बाहेर पडलेली आपली निम्मी मंडळी लोखंडाच्या आसपास आहेत. काजूच्या कारखान्यात असणाऱ्या मैत्रिणींनी कंटाळू नये, तुमचाही विषय मध्ये येणार आहे.

आणि मी स्वतः? मी संगणकाच्या पडद्यावर काम करते, पण गेली काही वर्षं माझं काम कारखान्यातल्या यंत्रांची माहिती गोळा करणाऱ्या प्रणालींचं आहे. यंत्र किती वेळ चाललं, तापमान किती होतं, पंप कधी बंद पडला, हे सगळं नोंदवायचं आणि त्यातून काही कळतं का बघायचं. त्या निमित्तानं कोल्हापूरच्या कारखान्यांत बरंच फिरले.

कोल्हापूरचं लोखंडाशी नातं जुनं आहे. म्हादबा मेस्त्रींचं नाव उद्योगातल्या लोकांना माहीत असेल. त्या माणसानं या गावात यंत्र घडवण्याची परंपरा उभी केली. मग ऑईल इंजिनं आली. आपल्या आजोबांच्या पिढीनं गुऱ्हाळावर आणि नदीकाठच्या मोटरघरात ठकठक करणारी जी इंजिनं ऐकली, त्यांतली कितीतरी शिवाजी उद्यमनगरात घडलेली होती. पुढं फाउंड्र्या वाढल्या, ओतकाम वाढलं, आणि आज देशभरच्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये कोल्हापूरचं कास्टिंग असतं. बेळगावचीही गोष्ट साधारण अशीच.

ओतलेला भाग मशीन शॉपमध्ये येतो. तिथं त्याला भोकं पडतात, आटे पडतात, पृष्ठभाग घासून गुळगुळीत होतो. हे सगळं होताना त्याच्यावर कूलंटचा मारा चालू असतो. त्यामुळं तयार झालेला जॉब कसा दिसतो? तेलकट, चिकट, भोकांत बारीक चिप अडकलेले, कुठंतरी कोपऱ्यात ओतकामाची वाळू राहिलेली. असा जॉब इंजिनात बसवला तर ती वाळू तेलाबरोबर फिरत फिरत बेअरिंग खाऊन टाकते. म्हणून पॅकिंगच्या आधी त्याला आंघोळ घालावी लागते. त्यासाठी वॉशिंग मशीन असतं. घरातलं नव्हे. मोठी लोखंडी खोकी, आत नोझल, खाली टाकी, टाकीत गरम पाणी आणि त्यात दोन-चार टक्के अल्कलीयुक्त केमिकल. पंप ते पाणी दाबानं जॉबवर मारतो, पाणी परत टाकीत पडतं, गाळणीतून जातं, पुन्हा मारलं जातं. तेच पाणी दिवसेंदिवस.

इथंच सगळी गंमत आहे. घरात आपण कपड्यांचं पाणी दर वेळी ओतून देतो. कारखान्यात तेच पाणी आठवडे, कधी महिने वापरतात. पाचशे-हजार लिटर गरम केलेलं, केमिकल घातलेलं पाणी रोज फेकणं परवडत नाही आणि फेकायला जागाही नाही. मग त्या पाण्याची निगा राखावी लागते. आणि खरं सांगू का, कारखान्यात लाखालाखाच्या कटिंग टूलची जितकी काळजी घेतात, त्याच्या दहाव्या हिश्श्यानंही या टाकीची घेत नाहीत. वॉशिंग म्हणजे कमी दर्जाचं काम, नवीन पोराला किंवा कुठंच न बसणाऱ्याला तिथं टाकायचं, असा समज आहे.

आता एका कारखान्यात काय घडलं ते सांगते. नाव सांगत नाही, कोल्हापूरच्या परिसरातला एक कारखाना म्हणा. सिलिंडर हेड बनवणारा. जूनच्या शेवटी त्यांचा मोठा माल ग्राहकाकडून परत आला. गंज. कास्ट आयर्नवर पिवळसर-तांबूस थर. पावसाळ्यात आपल्याकडं बिडाचा तवा धुऊन तसाच ठेवला तर सकाळी काय दिसतं ते तुम्हाला सांगायला नको, चंदगडचा पाऊस आपण सगळ्यांनी खाल्लाय. तोच प्रकार. व्यवस्थापनानं लगेच निष्कर्ष काढला: वॉशिंगवाला माणूस जॉब उघड्या हातानं हाताळतो, क्रेट झाकत नाही. त्याला मेमो दिला. तीन वर्षांपूर्वी त्याच मशीनवर केमिकल आपोआप सोडणारी यंत्रणा बसवली होती, पडद्यावर सगळं हिरवं दिसत होतं. पाण्यात दोष असूच शकत नाही, असं म्हणणं होतं.

मी तिथं वेगळ्याच कामाला गेले होते, यंत्रांची माहिती काढायला. वॉशिंग मशीनजवळ उभी राहून आकडे उतरवत होते, तर मागून आवाज आला, "बोलण्यावरनं तू आमच्याकडची दिसतीस. कुठली गं?" मी म्हटलं चंदगड. "शाळा?" मी शाळेचं नाव सांगितलं. ते हसले. आपल्याच शाळेचे, माझ्या चार वर्षं आधीचे. दहावीनंतर आयटीआय, मग कोल्हापूर. ज्यांना मेमो मिळाला होता ते हेच. मी त्यांना दादाच म्हणते, इथंही दादाच म्हणेन. ते आज इथं नाहीत, त्यांची दुसरी पाळी आहे, पण हे बोलायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे.

दादांनी खिशातनं एक वही काढली. लांबट, बांधणीची, कडा तेलानं काळ्या झालेल्या. त्यात रोज दोन वेळा एक आकडा. ३.०, २.९, २.९, २.७... मेच्या शेवटी १.६, आणि जूनच्या मध्यावर १.४. म्हणाले, "ह्यो बघ की आकडा. स्क्रीन आल्यापासनं हिकडं कोण बघतंय?" तो आकडा होता टाकीतल्या केमिकलच्या प्रमाणाचा, त्यांनी टायट्रेशन करून काढलेला. पडद्यावरची यंत्रणा मात्र त्याच दिवशी तीन टक्के दाखवत होती.

टायट्रेशन हा शब्द ऐकून आपले विज्ञानाचे सर हसताहेत. सर, तुम्ही विज्ञानाच्या खोलीत चुन्याच्या निवळीत फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून गुलाबी रंग करून दाखवला होता, आणि मग थेंबथेंब आम्ल टाकत तो रंग नाहीसा केला होता. ब्युरेट एकच होतं आणि ते गळायचं. दादांना तुम्हीच शिकवलंत. ते म्हणाले, कंपनीत केमिकलवाल्यानं पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी म्हटलं, हे तर मला येतं. पद्धत तीच आहे. टाकीतलं १० मिली पाणी घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिन टाकायचं, गुलाबी झालं की ठराविक तीव्रतेचं आम्ल थेंबथेंब सोडायचं. रंग गेला त्या क्षणी किती मिली आम्ल लागलं ते वाचायचं आणि केमिकलवाल्यानं दिलेल्या गुणकानं गुणायचं. झालं टक्केवारीचं उत्तर.

मग पडदा का चुकत होता? ती यंत्रणा पाण्याची विद्युतवाहकता मोजत होती. केमिकल जास्त तर वाहकता जास्त, कमी झाली की पंप चालू करून केमिकल सोडायचं. तत्त्व बरोबर आहे, जगभर वापरतात. पण वाहकता फक्त केमिकलनं वाढत नाही. पाण्यात विरघळलेला कुठलाही क्षार ती वाढवतो. उन्हाळ्यात तिथं एमआयडीसीचं पाणी कमी पडलं, म्हणून बोअरचं पाणी भरायला सुरुवात झाली होती. बोअरचं पाणी जड, क्षारांचं. टाकी गरम, रोज कितीतरी पाणी वाफ होऊन जायचं, क्षार मात्र मागंच राहायचे, आणि त्यात रोज नवीन क्षारांची भर. यंत्रणेला वाटत होतं केमिकल आहेच, म्हणून तिनं ते सोडणं जवळजवळ बंद केलं. प्रत्यक्षात केमिकल निम्म्यावर आलं होतं. त्या केमिकलमध्येच गंज रोखणारा घटक असतो, तोही निम्म्यावर. मे महिन्यात हवा कोरडी, म्हणून निभावलं. पाऊस लागला आणि झाकण उघडं पडलं.

मी तीन गोष्टी एका कागदावर काढल्या. पडद्यावरची वाहकता, जी सरळ रेषेत होती. डोसिंग पंप रोज किती मिनिटं चालला, तो आकडा एप्रिलच्या मध्यापासून घसरत होता. आणि दादांच्या वहीतले आकडे, जे त्याच तारखेपासून उतरत होते. बोअर कधी चालू झाला ती तारीख देखभालीच्या रजिस्टरात सापडली. चारही गोष्टी एकाच आठवड्यात येऊन भेटत होत्या. मेमो मागे घेतला गेला. माफी वगैरे कुणी मागितली नाही, तशी पद्धतही नसते. दादांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांना राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा: वही टेबलावर रोज उघडी होती आणि दोन महिने कुणी ती वाचली नाही.

आता थोडं गणित. गणिताच्या बाई समोर आहेत, चुकलं तर थांबवा.

समजा टाकी ५०० लिटरची आहे आणि केमिकल ३ टक्के. म्हणजे आत १५ लिटर केमिकल. रोज ४० लिटर पाणी कमी होतं, त्यातलं ३० लिटर वाफ होऊन आणि १० लिटर ओल्या जॉबला चिकटून बाहेर. वाफेबरोबर केमिकल जात नाही. जॉबबरोबर जातं. तर रोज खरं केमिकल किती गेलं? १० लिटरच्या ३ टक्के, म्हणजे ३०० मिली. आता ऑपरेटर दोन प्रकारचे असतात. पहिला रोज ४० लिटर नुसतं पाणी घालतो. दिसायला पातळी बरोबर, पण २५ दिवसांनी केमिकल १५ लिटरवरून ९ लिटरवर येतं, म्हणजे १.८ टक्के. दुसरा काळजीवाहू असतो, तो रोज ४० लिटर तयार ३ टक्क्यांचं मिश्रण घालतो. म्हणजे रोज १२०० मिली केमिकल, गरज ३०० मिलीची. त्याच्या टाकीत २५ दिवसांनी साडेसहा टक्क्यांच्या आसपास केमिकल साठतं. जॉबवर पांढरे डाग येतात, फेस होतो, अॅल्युमिनियमचा जॉब असेल तर सोड्यात ठेवलेल्या पातेल्यासारखा काळा पडतो, आणि हात जळतात. दोघंही प्रामाणिक, दोघांचीही टाकी बिघडलेली. हे गणित एकदा भिंतीवर लिहून ठेवलं तर अर्धा त्रास संपतो, पण ते प्रत्येक टाकीचं वेगळं असतं आणि मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजण्याच्या बाबतीत अजून एक. काही जण रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, कूलंट तपासायचा तोच. नवीन पाण्यात तो ठीक सांगतो. पाण्यात तेल मिसळून दुधाळ झालं की तो तेलालाही केमिकल समजतो. टायट्रेशन त्या मानानं प्रामाणिक, पण त्यालाही मर्यादा आहे. फवाऱ्यामुळं पाणी सतत हवेशी खेळत असतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यातल्या अल्कलीला धरतो आणि तिचं कार्बोनेट बनवतो. जॉबवरच्या काही तेलांशीही अल्कली झगडते आणि साबण होऊन बसते. म्हणून जाणकार लोक दोन वाचनं घेतात, एक फिनॉल्फ्थॅलिनपर्यंत आणि दुसरं पुढच्या दर्शकापर्यंत. पहिलं सांगतं कामाची अल्कली किती उरली, दुसरं सांगतं एकूण किती. दोन्हींतली दरी वाढत गेली की समजायचं पाणी म्हातारं झालं. आता कितीही केमिकल ओतलं तरी त्यात जोर येणार नाही.

तेलाचं काय करायचं? दोन प्रकारचं तेल असतं. वर तरंगणारं काढणं सोपं आहे, त्यासाठी पट्ट्याचा स्किमर मिळतो, पट्टा पाण्यात बुडतो आणि तेल घेऊन वर येतो. पण तो पंप चालू असताना लावतात, पाणी ढवळलेलं असताना, मग हाती काही लागत नाही. रात्रभर टाकी शांत राहिली की तेल आपोआप वर येतं. पाळी सुरू व्हायच्या तासभर आधी स्किमर चालवला तर सगळ्यात जास्त तेल निघतं. टायमर लावून ठेवला की झालं. मिसळलेल्या तेलासाठी मोजपात्रात थोडं पाणी घेऊन आम्ल घालून गरम जागी ठेवतात. तेल फुटून वर येतं आणि किती आहे ते डोळ्यांनी दिसतं.

आणि फेस. विजेचं बिल वाचवायला कुणीतरी हीटर ६० अंशांवरून ४० वर आणतो आणि दुसऱ्या दिवशी अर्धं शॉप साबणाच्या फेसात. कारण फवाऱ्याच्या केमिकलमधले घटक ठराविक तापमानाच्या वर गेल्यावरच फेस दाबतात, थंड पाण्यात तेच फेस करतात. पाणी तापल्याशिवाय पंप चालू करायचा नाही, इतकी एक शिस्त पाळली तरी पुष्कळ.

जॉब स्वच्छ झाला की नाही हे कसं ओळखायचं? मोठ्या कंपन्या धुतलेल्या जॉबवरून पुन्हा द्रव फिरवून तो बारीक पडद्यातून गाळतात आणि राहिलेली घाण मिलिग्रॅममध्ये तोलतात, त्याला आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ १६२३२. पण दादांची पद्धत सोपी. चांगलं खळबळलेल्या जॉबवर स्वच्छ पाणी ओतायचं. पाणी सलग चादरीसारखं पसरलं तर स्वच्छ. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब झाले तर तेल आहे. ही चाचणी पुस्तकातही आहे, दादांनी पुस्तक न वाचता ती पकडली होती.

आता हातांविषयी, कारण माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि तीच कुठल्या पडद्यावर येत नाही. अल्कलीचं गरम पाणी कातडीवरचं तेलही धुऊन नेतं. जॉबवरचं तेल आणि माणसाच्या हातावरचं तेल यात त्या पाण्याला फरक कळत नाही. हात कोरडे पडतात, भेगा पडतात, खाज येते, मग मिरचीचा हात लागला की जीव जातो. दादांच्या पत्नी मला म्हणाल्या, "ह्यांना भाकरी मोडताना तरास हुतो." काजूच्या कारखान्यातल्या मैत्रिणींना हे समजेल. काजूच्या टरफलातलं तेल हात काळे करतं, पोळतं, म्हणून बायका राख नाहीतर तेल लावून बसतात. आपल्या तालुक्यात ते हात आपण लहानपणापासून बघितलेत, आपल्या आयांचे, शेजारणींचे. पण टाकीत साडेसहा टक्के केमिकल साठवणाऱ्या कारखान्यात असेच हात तयार होत असतात, आणि तिथं कुणी त्याला कारण विचारत नाही. नायट्राइलचे हातमोजे मिळतात. कोपरापर्यंतचे हवेत, मनगटापर्यंतचे नव्हे, कारण पाणी वरून आत शिरतं आणि आत साठून आणखी वाईट करतं. आणि मुळात टाकीतलं प्रमाण बरोबर असलं तर निम्मा त्रास तिथंच कमी होतो.

हे अल्कलीचं पाणी आलं कुठून, याचीही एक गोष्ट आहे, ती थोडक्यात सांगते. पूर्वी कारखान्यात तेल काढायला ट्रायक्लोरोएथिलीन वापरत. उकळतं ट्राय, त्याची वाफ, त्या वाफेत जॉब धरला की क्षणात कोरडा, चकचकीत. कार्बन टेट्राक्लोराइडही चालायचं. सगळ्यांना फार आवडायचं. मग कळलं की कार्बन टेट्राक्लोराइड ओझोनचा थर खातं. १९८७च्या माँट्रियल करारानंतर जगानं ते हळूहळू बंद केलं, आपल्या देशानं अशा वापरातून ते २०१०पर्यंत हद्दपार केलं. ट्रायचं तर २०१२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं सांगितलं की ते माणसाला कर्करोग देतं, शंकेला जागा नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्या सिलिकॉन व्हॅलीचं नाव घेऊन फुशारकी मारतो, तिथं चिप धुण्यासाठी वापरलेलं ट्राय जमिनीखालच्या टाक्यांतून गळलं आणि भूजलात उतरलं. तिथल्या सांता क्लारा कौंटीत सरकारी यादीतल्या अतिप्रदूषित जागा अमेरिकेतल्या कुठल्याही कौंटीपेक्षा जास्त आहेत. त्या विहिरींचं पाणी आजही उपसून साफ करावं लागतं. स्वच्छ उद्योग म्हणून मिरवलेल्या उद्योगाचं हे. म्हणून आज पाणी आणि अल्कली. हा पर्याय चांगला आहे, पण तो देखभाल मागतो. ट्राय स्वतःच पुन्हा शुद्ध व्हायचं, पाणी होत नाही.

आणि शेवटी म्हातारं झालेलं पाणी जातं कुठं? हा प्रश्न मला हलकर्णी आणि शिनोळीच्या मित्रांना विचारायचाय. तेलकट, अल्कलीयुक्त पाणी सरळ गटारात सोडणं २०१६च्या घातक कचरा नियमांत बसत नाही, ते प्रक्रिया केंद्राला द्यावं लागतं, निघालेलं तेल परवानाधारकालाच विकावं लागतं. हे सगळ्यांना माहीत आहे. आणि रात्री काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे. पंचगंगेचं काय झालं ते आपण पेपरात वाचतो आणि कोल्हापूरवाल्यांची कीव करतो. आपल्याकडं ताम्रपर्णी आहे. ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. पोहायला शिकलो ते तिच्यात. मी कुणावर बोट दाखवत नाही, कारण मला आपल्या तालुक्यातल्या एकाही टाकीचं पाणी कुठं जातं ते बघायला मिळालेलं नाही. बघायला आवडेल.

इथं कुणीतरी म्हणेल, आमच्याकडं एवढं कुठलं मशीन, आम्ही रॉकेल नाहीतर डिझेलच्या टबात ब्रशनं पार्ट धुतो. गॅरेजवाले तर सगळेच. तिथं आगीचा धोका आहे, आणि डिझेल कातडीला अल्कलीपेक्षा कमी वाईट नाही. दोनशे लिटरची छोटी टाकी, एक हीटर, एक पंप, एवढ्यावर लहान कामं होतात. महाग वाटत असेल तर दोघा-तिघांनी मिळून घ्या. ऊस तोडायला टोळी जमवता तशी.

त्या कारखान्यात पुढं काय झालं तेवढं सांगते. यंत्रणा काढून टाकली नाही, ती चांगलीच आहे. आता ती भरणाऱ्या पाण्याची वाहकता आधी मोजते आणि तेवढी वजा करते. पाण्याचा स्रोत बदलला की तसं कळवावं लागतं. आणि दर पाळीत टायट्रेशनचा एक आकडा हातानं भरल्याशिवाय ती पुढची नोंद घेत नाही. दोन आकड्यांत ठरलेल्यापेक्षा जास्त फरक पडला तर पडदा हिरवा राहत नाही. फरक पडला की दादांचा आकडा खरा धरून पडद्यावरचा आकडा दुरुस्त होतो, उलटं होत नाही. हा भाग लिहायला मला तीन दिवस लागले. व्यवस्थापनाला पटवायला दोन महिने. एका अधिकाऱ्यानं विचारलं, "मग ऑटोमेशनचा उपयोग काय?" मी म्हटलं, रात्री तीन वाजता केमिकल सोडायला माणूस उठवावा लागत नाही, हा. पण ते किती सोडायचं हे कुणीतरी चाखून सांगावंच लागतं, जशी आमटी. त्यांना आमटीचं पटलं.

दादा आता दोन नव्या मुलांना टायट्रेशन शिकवतात. त्यातला एक मुलगा आपल्या आजऱ्याकडचा आहे. शिकवताना ते तुमचीच पद्धत वापरतात, सर, रंग जाईपर्यंत शेवटचे थेंब एकेक करून, घाई करणाऱ्याच्या हातातनं ब्युरेट काढून घ्यायचं.

वीस मिनिटं झाली असं घड्याळ सांगतंय. एक व्यवस्था केली आहे. टायट्रेशनचा संच मी येताना घेऊन आलेय, विज्ञानाच्या खोलीत टेबलावर मांडलाय, नवीन ब्युरेट शाळेला ठेवून जाणार आहे, ते गळत नाही. काल ग्रुपवर निरोप टाकला होता त्यावरून दोघांनी आपापल्या टाकीतलं पाणी बाटलीत भरून आणलंय. चहानंतर ते तपासू. बाकी कुणी गाडीत ठेवलं असेल तर तेही आणा. फक्त बाटलीवर टाकी किती लिटरची, पाणी कुठल्या तारखेला भरलं आणि ते नळाचं का बोअरचं, एवढं लिहा. आणि गुणक केमिकलवाल्याकडून विचारून घ्या, तो फोन उचलत नसेल तर माझ्याकडं द्या.